खुर्चीतून उठलेला सोलोइस्ट

'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गणपतीच्या मांडवाशेजारचं स्टेज, दोन गायक, एक गायिका, ऑक्टोपॅडवर तुटून पडलेला एक कलाकार, मधूनमधून मिमिक्री करणारा निवेदक आणि मागच्या रांगेतून येणारा 'वन्स मोअर'चा गजर! त्याला नावं ठेवायचा हेतू नाही, कारण आपल्यापैकी अनेकांनी पहिलं 'लाइव्ह' संगीत तिथंच ऐकलंय. पण आज लिहायचंय ते दुसऱ्या ऑर्केस्ट्राबद्दल. काळे कपडे, ऐंशी-नव्वद वादक, समोर कंडक्टर आणि हायडन, मोझार्ट, बेटोव्हन वगैरे मंडळींच्या रचना. मुंबईत नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीएमध्ये गेलात, तर हा प्रकार प्रत्यक्ष ऐकायला मिळतो. आणि यूट्यूबवर तर काय, जगातले सगळे ऑर्केस्ट्रा हॉस्टेलच्या खोलीत हजर आहेत.

ह्या मैफलींचा एक ठरलेला साचा असतो. सुरुवातीला एखादी छोटी ओव्हर्चर, मग कॉन्चेर्टो, मग मध्यंतर आणि शेवटी सिंफनी. कॉन्चेर्टो म्हणजे एकीकडे एकच वादक (म्हणजे सोलोइस्ट) आणि दुसरीकडे सगळा ऑर्केस्ट्रा, दोघांचा संवाद. हा सोलोइस्ट बहुतेक वेळा पाहुणा असतो. तो विमानाने येतो, एक-दोन तालमी करतो, टाळ्या घेतो, फुलांचा गुच्छ घेतो आणि पुढच्या शहरी रवाना होतो. पोस्टरवर त्याचा फोटो मोठा, ऑर्केस्ट्राचं नाव बारीक.

काही मैफलींत मात्र पाहुणा येतच नाही. कॉन्चेर्टोची वेळ होते आणि ऑर्केस्ट्रातलाच एखादा ओबोवाला, चेलोवाली किंवा क्लॅरिनेटवाला आपल्या रोजच्या खुर्चीतून उठतो आणि पुढे येऊन उभा राहतो. पंचवीस मिनिटं तो राजा असतो. मध्यंतरानंतर बघावं तर स्वारी पुन्हा आपल्या जागेवर, शेजाऱ्याबरोबर पानं उलटत बसलेली!

माझं मत सरळ आहे. ऑर्केस्ट्रा किती दमदार आहे हे ह्या दुसऱ्या प्रकारच्या मैफलीत कळतं. आणि आपल्याकडे, जिथं वाजवणाऱ्याचं नाव विचारायची पद्धतच नाही, तिथं तर अशाच मैफली जास्त व्हायला हव्यात. आता तुम्ही म्हणाल, आम्हाला सबमिशनमधून मान वर काढायला वेळ नाही, त्यात हे कुठलं परदेशी दुखणं? थोडा धीर धरा. गोष्ट वाटते तितकी परकी नाही.

ही कल्पना काही आजची नाही. १७६१ साली योझेफ हायडन नावाच्या २९ वर्षांच्या माणसाला एस्टरहाझी ह्या हंगेरियन सरदार घराण्यात नोकरी लागली. पद उपसंगीतप्रमुखाचं. करारात अटी काय होत्या? पांढरे मोजे, पांढरा स्वच्छ अंगरखा, केसांना पावडर, असा गणवेश घालून यायचं. रोज सकाळी आणि जेवणानंतर बाहेरच्या दालनात उभं राहून मालकांची आज्ञा विचारायची. आणि हाताखालच्या वादकांत खाण्यापिण्याच्या बाबतीत फार मिसळायचं नाही, नाहीतर मान राहणार नाही! थोडक्यात, आपल्या कॅम्पस प्लेसमेंटच्या ऑफर लेटरपेक्षा फारसं वेगळं प्रकरण नव्हतं.

हाताखाली वादक किती? पंधराच्या आसपास. अशा वेळी नवा बॉस काय करतो? स्वतःची हुशारी दाखवतो. हायडनने त्या पहिल्याच वर्षी 'सकाळ', 'दुपार' आणि 'संध्याकाळ' अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तीन सिंफनी लिहिल्या (क्रमांक ६, ७ आणि ८), आणि त्यांत आपल्या वादकांनाच एकेक करून पुढे आणलं. व्हायोलिनला सोलो, चेलोला सोलो, बासरीला सोलो, बसूनला सोलो. इतकंच काय, डबल बाससुद्धा सुटला नाही! डबल बास म्हणजे माणसाहून उंच, कोपऱ्यात उभं राहून 'घुम्म घुम्म' करणारं वाद्य. आपल्या बॅकबेंचरसारखं. आहे हे सगळ्यांना माहीत, पण प्रश्न कुणी विचारत नाही. हायडनने विचारला.

ह्यात नुसता चांगुलपणा नव्हता, व्यवहारही होता. नव्या साहेबाला आपल्या लोकांची कुवत कळली, मालकाला आपण पगार कशाचा देतो हे ऐकू आलं आणि वादकांना कळलं की हा माणूस आपल्याला ओळखतो. पुढे हायडनने ह्याच वादकांसाठी खास कॉन्चेर्टो लिहिले. त्याचा मुख्य व्हायोलिनवादक होता लुइजी तोमासिनी. त्याच्यासाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टोची नोंद करताना हायडनने स्वतःच्या यादीत 'हे लुइजीसाठी केलंय' अशा अर्थाचा शेरा मारून ठेवलाय. आडनावसुद्धा नाही, नुसतं लुइजी! कट्ट्यावरच्या मित्राचं लिहावं तसं.

चेलोवादक योझेफ वाइगल. त्याच्यासाठी लिहिलेला 'सी मेजर'मधला कॉन्चेर्टो सुमारे दोनशे वर्षं गायब होता. हायडनच्या यादीत त्याचे सुरुवातीचे सूर तेवढे लिहिलेले होते, प्रत कुठंच नव्हती. १९६१ साली प्रागच्या संग्रहालयात जुने कागद चाळताना त्याच्या वाद्यवार प्रती सापडल्या, १९६२ साली तो पुन्हा वाजला आणि आज जगभरातले चेलोवादक तो वाजवतात. म्हणजे बघा, आज जागतिक स्टार मंडळी जे वाजवून टाळ्या घेतात, ते मुळात एका छोट्या ऑर्केस्ट्रातल्या पगारी वादकाच्या मापाने बेतलेलं आहे!

मोझार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो घ्या. १७९१ साली, मृत्यूच्या दोनेक महिने आधी त्याने तो लिहिला, तो आंटोन श्टाडलर ह्या मित्रासाठी. श्टाडलर व्हिएन्नाच्या दरबारी ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवायचा. त्याला खालच्या सुरांचं वेड होतं, म्हणून त्याच्याकडे नेहमीपेक्षा लांब, आणखी खाली उतरणारं खास क्लॅरिनेट होतं. मोझार्टने रचना केली ती ह्या वाद्यासाठी. नंतर ते वाद्य मागे पडलं, मूळ हस्तलिखित हरवलं आणि रचना नेहमीच्या क्लॅरिनेटला जमेल अशी बदलून छापली गेली. एका माणसाचं वाद्य, त्याचा श्वास, त्याची खोड, ह्यांतून ते संगीत जन्माला आलं. पाहुण्यासाठी असं लिहिता येत नाही. रोज शेजारी बसणाऱ्यासाठीच येतं.

आता थोडं आपल्या विषयाकडे वळू. खुर्चीतून उठून पुढे येणं दिसतं तितकं सोपं नाही, आणि ते का, हे इंजिनिअरला चटकन कळेल. समजा, पहिल्या व्हायोलिनच्या सेक्शनमध्ये १६ वादक आहेत. सोळा व्हायोलिनं म्हणजे सोळापट मोठा आवाज? नाही. सोळापट झाली ती ध्वनीची शक्ती. लॉग घ्या, दहाने गुणा, उत्तर येतं १२ डेसिबल. आणि कानाला दर १० डेसिबलला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे सोळा जणांचा आवाज एकापेक्षा जेमतेम सव्वादोन-अडीचपट! म्हणूनच एकटा व्हायोलिनवाला एवढ्या ताफ्यापुढे तग धरू शकतो.

पण तग धरणं वेगळं आणि उठून दिसणं वेगळं. सेक्शनमध्ये वाजवताना वादकाला शिकवलेलं असतं की तुझा आवाज वेगळा ऐकू आला तर ती चूक. सगळ्यांचा गज एका दिशेने, एका वेळी, गजाच्या त्याच भागात. सोळा जणांचे सूर केसभर इकडेतिकडे असतात, त्यांतून तो मखमली मिश्र आवाज तयार होतो. सोलोइस्टला नेमकं उलट करायचं असतं. त्याचा सूर त्या मखमलीवर जरीसारखा उठला पाहिजे. एकाच माणसाने सोमवार ते शुक्रवार विरघळून जायचं आणि शनिवारी चमकायचं... हे म्हणजे आयुष्यभर ग्रुपमध्ये प्रॅक्टिकल केलेल्या मुलाला एकदम एक्स्टर्नलसमोर एकट्याने व्हायवाला बसवण्यासारखं आहे. ज्याने खरंच प्रॅक्टिकल केलंय तो निभावतो. ज्याने नुसतं जर्नल उतरवलंय त्याचं काय होतं ते आपण जाणतोच!

मोझार्टला ह्याची जाण होती. १७७९ साली त्याने व्हायोलिन आणि व्हियोला ह्या दोघांसाठी मिळून 'सिंफोनिया कॉन्चेर्तांते' लिहिली. व्हियोला म्हणजे व्हायोलिनची थोरली, भारदस्त पण लाजरी बहीण. गर्दीत तिचा आवाज झाकोळतो. मोझार्टने काय केलं? सोलो व्हियोलाच्या सगळ्या तारा अर्ध्या सुराने चढवून लावायला सांगितल्या आणि तिची ओळ त्या हिशोबाने वेगळ्या पट्टीत लिहिली. तार ताणली की आवाज उजळ होतो, शिवाय मोकळ्या तारा जास्त घुमतात. झालं, लाजरी बहीण बरोबरीने बोलायला लागली! मागच्या बाकावरच्याला पुढे आणायचं तर नुसतं 'ये पुढे' म्हणून भागत नाही, त्याच्यासाठी थोडी तजवीज करावी लागते. आमच्या मते हे कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकात घालण्याजोगं आहे.

ऐकणाऱ्याचा फायदा तर ह्याहून मोठा. नव्या माणसाला ऑर्केस्ट्रा म्हणजे आवाजाची एक प्रचंड भिंत वाटते. कुठून काय येतंय कळत नाही, मग कंटाळा येतो, मग जांभया. पण पूर्वार्धात ओबो एकटा ऐकला, त्याचा किंचित नाकातला, सनईच्या नात्यातला आवाज कानात बसला, की उत्तरार्धात सिंफनी चालू असताना तो गर्दीतून आपोआप ऐकू येतो. 'अरे, हा तर मघाचाच!' भिंतीला एक खिडकी पडते. ओळखीचा एक माणूस निघाला की अख्खी चाळ आपली वाटते, तसं.

हे तत्त्व टोकाला नेलं ते बेला बार्टोकने. १९४३ साली, मायदेशापासून दूर अमेरिकेत, आजारी असताना त्याने 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' लिहिला. १ डिसेंबर १९४४ रोजी बोस्टनमध्ये तो पहिल्यांदा वाजला. ह्यात सोलोइस्ट एक नाही, आळीपाळीने सगळेच! दुसऱ्या भागात वाद्यांच्या जोड्या येतात. आधी दोन बसून, मग दोन ओबो, मग दोन क्लॅरिनेट, दोन बासऱ्या, शेवटी आवाज दाबलेले दोन ट्रम्पेट. प्रत्येक जोडीतल्या दोघांमधलं स्वरांचं अंतर ठरलेलं आणि दर जोडीचं वेगळं. हा भाग एकदा कान देऊन ऐका. आमच्या डिपार्टमेंटच्या कुठल्याही डेमोपेक्षा स्वच्छ डेमो आहे.

आता दुसरी बाजू. विरोधक म्हणतील, 'सगळं ठीक आहे हो, पण तिकिटं कोण घेणार? पिकतं तिथं विकत नाही. लोक नावाला येतात.' मुद्दा खरा आहे, आणि स्टार सोलोइस्ट उगाच स्टार होत नाही. ज्याने एकच कॉन्चेर्टो शंभर वेळा रंगमंचावर वाजवलाय, त्याच्या हातात जो भरवसा असतो तो वर्षातून एकदा पुढे येणाऱ्याला कुठून येणार? हे मान्य केलंच पाहिजे. शिवाय एकाला पुढे केलं की शेजारच्या खुर्चीत धुसफूस होणार हेही आलंच. आपल्याकडे टेक फेस्टचा कोऑर्डिनेटर निवडताना काय महाभारत होतं ते विसरलात?

पण विक्रीच्या मुद्द्याला इतिहासानेच उत्तर दिलंय. १७९२ चं लंडन. दोन कंपन्यांत मैफलींची जीवघेणी स्पर्धा. एका बाजूला हायडन, दुसऱ्या बाजूने मुद्दाम बोलावून आणलेला त्याचाच जुना शिष्य प्लेयेल. प्लेयेलच्या अनेक सोलोइस्ट असलेल्या रचना लोकांना आवडायच्या. हायडनच्या बाजूच्या मैफली भरवणारा योहान पेटर झालोमोन हा स्वतःच ऑर्केस्ट्राचा मुख्य व्हायोलिनवादक होता. हायडनने व्हायोलिन, चेलो, ओबो आणि बसून ह्या चौघांसाठी कॉन्चेर्तांते लिहिली, झालोमोन व्हायोलिन घेऊन पुढे उभा राहिला आणि ९ मार्च १७९२ रोजी ती वाजली. मैफल गाजली. म्हणजे बाजाराच्या ऐन धुमश्चक्रीत, स्पर्धकाला उत्तर म्हणून वापरलेलं हत्यार हेच होतं, आपलीच माणसं! पिकतं तिथंही विकतं. फक्त काय पिकलंय ते आधी लोकांना सांगावं लागतं.

आणि इथंच आपला, म्हणजे महाराष्ट्र-गोव्याचा संबंध येतो. ऑर्केस्ट्रातले वादक आपल्याकडे नव्हते असं थोडंच आहे? मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता (हे झुबिन मेहतांचे वडील). पुढे खुद्द मेहलींना व्हायोलिन घेऊन मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात जाऊन बसावं लागलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली पोरं मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवू लागली. आपण पिढ्यानपिढ्या गुणगुणत आलेल्या गाण्यांतले मधले तुकडे वाजवले कुणी? रेकॉर्डवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, फार तर गीतकाराचं. वाजवणारे शंभर हात निनावी.

ह्या निनावी फौजेतलं एकच नाव घरोघरी पोचलं, तेही गमतीने. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधला 'अँथनी गोन्साल्विस' आठवतो ना? अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ? ते नाव एका खऱ्या माणसाचं आहे. अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२), गोव्यातल्या माजोर्ड्याचे, व्हायोलिनवादक आणि अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते आणि त्या गाण्यातून त्यांनी गुरूला सलाम केला. ह्याच गोन्साल्विसांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. सोलोइस्ट कोण? लता मंगेशकर आणि मन्ना डे. नावं आभाळाएवढी, त्यांच्या गळ्याबद्दल बोलायची आपली लायकी नाही. पण गंमत बघा, तिथंही पुढे आले ते गायक आणि वाजवणारे मागेच राहिले.

२००६ साली खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव ह्यांनी एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. व्यावसायिक ऑर्केस्ट्रा, परदेश दौरे, सगळं झालं. पण इथं पुरेसे तयार वादक नसल्यामुळे बरेचसे बाहेरून, विशेषतः कझाकस्तानसारख्या देशांतून, आणावे लागले. ह्याबद्दल नाकं मुरडणारे मुरडतात. आम्हाला मात्र वाटतं की शिव्या देऊन व्हायोलिनवादक तयार होत नाही. लहानपणापासून रोज तीन-चार तास रियाज करणारं पोर लागतं, शिकवणारा लागतो आणि मुख्य म्हणजे त्या पोराला दिसायला हवं की ह्या रस्त्याच्या शेवटी काय आहे.

खरा प्रश्न आहे तो हाच. वसईच्या, मडगावच्या, नाहीतर नाशिकच्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलीने चेलो हातात घ्यावा, तर तिने पुढे कुणाकडे बघायचं? विमानाने येऊन जाणाऱ्या पाहुण्याकडे? तो तर चंद्रावरचा माणूस. पण ऑर्केस्ट्रातली, लोकलने तालमीला येणारी एखादी ताई एका संध्याकाळी खुर्चीतून उठून हायडनचा तो सापडलेला कॉन्चेर्टो वाजवून गेली, तर त्या मुलीला अंतर मोजता येतं. चौथी रांग, दुसरी खुर्ची, तिथून स्टेजची कड. दहा पावलं.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत. ऑर्केस्ट्रा कुठलाही असो, दर हंगामात एक तरी मैफल घरच्याच सोलोइस्टची असावी. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक वादकाचं नाव असावं आणि ते वाचता येईल एवढ्या टाइपात असावं. त्यातली एखादी मैफल विद्यार्थ्यांना परवडेल अशा तिकिटात व्हावी. आणि आपल्या पातळीवर? गॅदरिंगच्या बँडमध्ये गायकालाच काय तो माइक मिळतो. ह्या वर्षी बासवाल्याला आठ मात्रा एकट्याला द्या की! निवेदकाने नुसतं 'साथीला आमचे मित्र' न म्हणता नाव-आडनाव आणि ब्रँचसकट सांगावं. खर्च शून्य.

जाता जाता, हायडनचीच एक गोष्ट. १७७२ साली राजेसाहेब उन्हाळी महालात रमले, हलायचं नाव घेईनात. वादकांची बायका-मुलं दूर गावी. हायडनने एक सिंफनी लिहिली. तिच्या शेवटच्या भागात एकेक वादक आपला छोटा तुकडा वाजवतो, मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. ओबो गेला, हॉर्न गेला, बसून गेला, डबल बासही आपलं म्हणणं मांडून गेला. शेवटी उरली दोन व्हायोलिनं. राजेसाहेब समजले आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना घरी सोडलं, असं सांगतात.

ते समजले कारण त्यांना प्रत्येकाचा आवाज ओळखीचा होता. अकरा वर्षं एकेकाला पुढे आणून हायडनने मालकाचे कान तयार केले होते, म्हणून कोण निघून गेलं ते त्यांना ऐकू आलं. ज्याचं वाजवणं आपण कधी वेगळं ऐकलंच नाही, त्याचं नसणं आपल्याला कसं ऐकू येणार? तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी एखादी मैफल ऐकाल तेव्हा मध्यंतरात उठून थेट वडापावकडे पळू नका. आधी पत्रिकेत बघा, मघाशी पुढे उभा होता तो कोण, आणि आता तो कुठल्या खुर्चीत बसणार आहे. वडापाव काय, शो सुटल्यावरही मिळतो!